जपानी पद्धतीचा मासा-भात बाऊल: तळाला पाणी, गिच्च भात आणि वशट वास

आधी लक्षणं. यातलं एखादं तरी तुमच्या बाऊलमध्ये दिसत असेल.

- चार घास खाल्ले की तळाला पाणी दिसतं. वरचा भात ठीक, खालचा लगदा.
- भात मुळातच गिच्च झालाय, दाणा वेगळा दिसतच नाही.
- याच्या उलट, भात फडफडीत आहे आणि चॉपस्टिकने उचलला की सांडतो.
- दाणा बाहेरून मऊ, आत कणी राहिलेली.
- भात उतरवला तेव्हा छान होता, तासा-दोन तासांत टणक झाला.
- व्हिनेगर घातलेला भात नको इतका गोड-खारट लागतो.
- माशाला वशट वास येतो, किंवा कापलेला मासा बुळबुळीत लागतो.
- शिजवलेल्या सॅमनवर पांढरा साका जमतो आणि मासा कोरडा पडतो.
- खाताना जिभेवर मिरी चावल्यासारखी चुणचुण होते, ओठ झिणझिणतात. असं असेल तर खाणं थांबवा, बाकीचं काही तपासू नका आणि थेट शेवटचा भाग वाचा.

ओळखीतल्या कुणी घरी डोनबुरी, म्हणजे भातावर मासा-भाज्या रचलेला हा जपानी बाऊल, करायला घेतली की थोड्याच दिवसांत ‘काय चुकलं?’ असं विचारणारा फोटो मला येतो. ही दुरुस्ती मी इतक्यांदा केली आहे की आता रेसिपी विचारतच नाही, पाणी कुठे आहे ते विचारते. भातातलं जास्तीचं पाणी, माशावरचं पाणी, भाज्यांना सुटलेलं पाणी आणि सॉसमधून ओतलेलं पाणी हे चार सोडवले की वरची बहुतेक लक्षणं जातात. महागडा मासा आणणं, नवा राइस कुकर घेणं हे लोक सगळ्यात आधी करतात. त्याची गरज क्वचितच पडते. म्हणून खालचा क्रम फुकटच्या तपासण्यांपासून सुरू होतो.

१. दहा मिनिटांची चाचणी

पुढच्या वेळी बाऊल रचायच्या आधी थोडा भात नुसताच एका वाटीत काढून ठेवा. मासा आणि भाज्या किचन पेपरवर वेगवेगळ्या मांडा. दहा मिनिटांनी बघा. वाटीच्या तळाला ओल असेल तर दोष भातात आहे. भात कोरडा आणि पेपर भिजलेला असेल तर दोष वरच्या गोष्टींत आहे, आणि कुठल्या, तेही पेपरवरच्या डागांवरून कळतं. ही चाचणी न करता तांदूळ बदलणारे लोक मी पाहिले आहेत. भात आधीपासून चांगलाच होता, पाणी काकडीचं होतं.

काकडी दोषी निघाली तर कापून चिमूटभर मीठ लावा, दहा मिनिटं ठेवा आणि मुठीत घट्ट पिळा. गोठवलेले एदामामे, म्हणजे कोवळे सोयाबीन, पूर्ण वितळू द्या आणि फडक्यावर सुकवा. किसलेला डायकॉन मुळा आणि आल्याचं लोणचं, म्हणजे गारी, निथळूनच ठेवा. नोरीच्या, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाच्या, पट्ट्या अगदी शेवटी, कारण त्या वाफेने लगेच मऊ पडतात.

सॉस भातावर ओतू नका. सोया सॉसमध्ये वासाबी (झणझणीत हिरवी जपानी चटणी) कालवून तो चमच्याने माशावर घाला, भाताला लागेल तेवढा आपोआप लागतो. एक अपवाद सांगायला हवा. एहिमे प्रांतातल्या उवाजिमाच्या ताईमेशीत कच्चा ताई (सी ब्रीम) मासा, कच्चं अंडं आणि सोयाचा रस्सा गरम भातावर घालतात. तिथे तळाला रस असणं हाच पदार्थ आहे. तुम्ही तो करत असाल तर तळाचं पाणी हा दोष समजू नका.

२. बाटलीवरचं आणि पाकिटावरचं लेबल

व्हिनेगरचा भात फार गोड-खारट लागत असेल तर बाटली उलटी करून घटक वाचा. सुशीसाठी म्हणून मिळणाऱ्या कित्येक व्हिनेगरमध्ये साखर आणि मीठ आधीच असतं. त्यात रेसिपीप्रमाणे पुन्हा साखर-मीठ घातलं की हे लक्षण हमखास येतं. साधं तांदळाचं व्हिनेगर असेल तर ३०० ग्रॅम कच्च्या तांदळाला ५० मिली व्हिनेगर, २० ते २५ ग्रॅम साखर आणि ५ ते ६ ग्रॅम मीठ पुरतं.

मग तांदळाचं पाकीट. हवा तो जपानी आखूड दाण्याचा, जॅपोनिका जातीचा तांदूळ. भात चिकटणार की मोकळा होणार हे स्टार्चमधल्या अमायलोजवर ठरतं. लांब दाण्याच्या बहुतेक तांदळांत ते जास्त असतं, म्हणून भात सुटा होतो. जॅपोनिकात कमी असतं, म्हणून दाणे एकमेकांना धरतात पण विरघळत नाहीत. जपानमध्ये सगळ्यात जास्त नावाजलेली जात कोशिहिकारी. १९५६ मध्ये नोंदवलेली ही जात आजही डोनबुरीसाठी उत्तम. फडफडीत भाताची तक्रार असेल तर पाणी वाढवत बसू नका. लांब दाण्याला पाणी वाढवलं तर तो चिकट होत नाही, फुटतो. दुसऱ्या टोकाला मोचीगोमे, म्हणजे मोचीचा तांदूळ असतो. त्यात अमायलोज जवळजवळ नसतंच. चुकून तो आणला असेल तर भात गोळाच होणार.

३. कप कुठला वापरताय?

कणी राहणं आणि गिच्च होणं या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं. राइस कुकरबरोबर येणारा जपानी कप १८० मिलीचा असतो. त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतात. स्वयंपाकघरातला दुसरा मापाचा कप २०० किंवा २५० मिलीचा असतो. तांदूळ एका कपाने आणि पाणी दुसऱ्याने मोजलं की गणित संपलं. भांड्यावरच्या रेषेपर्यंत पाणी घालणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ती रेषा त्या १८० मिलीच्या कपासाठी आखलेली असते.

खात्रीचा मार्ग वजनकाटा. १५० ग्रॅम तांदळाला साध्या भातासाठी २०० ते २१० मिली पाणी. व्हिनेगर घालणार असाल तर १८० ते १९० मिली, कारण व्हिनेगर हेही पाणीच आहे आणि ते दाण्यात मुरायला जागा लागते. ही मापं धुऊन नीट निथळलेल्या तांदळासाठी आहेत.

४. धुणं, निथळणं, भिजवणं, वाफ जिरवणं

पहिलं पाणी घालून लगेच ओतून द्या, कारण कोरडा तांदूळ तेच पाणी सगळ्यात भरभर शोषतो आणि त्यात कोंड्याचा वास असतो. मग बोटांनी हलकेच ढवळत तीन-चार पाण्यांत धुवा. पाणी काचेसारखं नितळ व्हायची गरज नाही, तळ अंधूक दिसला की पुरे. घासून धुतलं तर दाणे तुटतात आणि तुटलेल्या दाण्यांचं पीठ भात गिच्च करतं. चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या. न निथळता मोजून पाणी घातलं तर चाळणीतलं पाणी मोजणीबाहेर राहतं.

नंतर मोजलेल्या पाण्यात उन्हाळ्यात अर्धा तास, हिवाळ्यात तासभर भिजवा. आतली कणी जाण्याचा हाच उपाय आहे. दाण्याच्या मधोमध पाणी पोचलं नसेल तर आच लागल्यावर बाहेरचा थर शिजून चिकट होतो आणि आतला कोरडाच राहतो. भिजलेला दाणा ओळखायला सोपा आहे: पारदर्शक होता तो दुधासारखा पांढरा दिसतो आणि नखाने दाबला की तुटतो.

पातेल्यात करत असाल तर उकळी आली की आच बारीक करून झाकणासकट १०-१२ मिनिटं, मग गॅस बंद करून आणखी १०-१५ मिनिटं तसंच. मध्ये झाकण काढू नका. या शेवटच्या वेळात वरच्या आणि खालच्या थरांतलं पाणी सारखं वाटलं जातं. लगेच उघडलेला भात वर कोरडा, खाली ओला निघतो. वाफ जिरली की भात तळापासून उलटवून मोकळा करा. झाकणाला घाम येत असेल तर झाकणाखाली कोरडं फडकं लावा, म्हणजे थेंब परत भातात पडणार नाहीत.

५. व्हिनेगर कधी आणि कसं

साधा गरम भात शिजवलेल्या माशाखाली आणि व्हिनेगरचा भात कच्च्या किंवा मुरवलेल्या माशाखाली, हा माझा साधा नियम. व्हिनेगर भात गरम असतानाच घालायचं. थंड झालेला दाणा ते शोषत नाही, मग ते तळाला साचतं आणि चाचणीत भात दोषी निघतो. पसरट भांड्यात भात काढा, मिश्रण सगळीकडे शिंपडा आणि भातवाढी उभी धरून कापल्यासारखी चालवा. दाबून कालवलं तर लगदा होतो. जपानी स्वयंपाकात यासाठी हांगिरी नावाचं लाकडी पसरट भांडं असतं. लाकूड जास्तीची ओल पिऊन घेतं, हे त्याचं खरं काम. ते नसलं तरी चालतं. वारा घालत राहा म्हणजे दाण्यावर चकाकी येते आणि पृष्ठभागावरचं पाणी उडतं.

भात अंगाच्या उबेइतका झाला की ओल्या फडक्याने झाका आणि कच्चा मासा या कोमट भातावरच मांडा. वाफाळत्या भातावर मांडलेल्या माशाची खालची बाजू पांढरी पडते, त्याखाली वाफेचं पाणी जमतं आणि वासही वर येतो.

भात टणक होतोय का? मग तो फ्रिजमध्ये ठेवला असणार. शिजलेला स्टार्च फ्रिजच्या तापमानालाच सगळ्यात लवकर पुन्हा कडक होतो. उरलेला साधा भात गरम असतानाच पातळ थरात गुंडाळून गोठवा आणि लागेल तेव्हा थेट मायक्रोवेव्हमध्ये गरम करा. व्हिनेगरचा भात लागेल तेवढाच करा.

भात बाहेर ठेवण्याबद्दल मात्र कडक राहा. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू शिजवूनही टिकतात. कोमट भातात ते वाढतात आणि त्यांनी बनवलेलं एक विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी सुशीचा भात बाहेर ठेवणाऱ्या रेस्टॉरंटना त्याचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ४.६ किंवा त्याखाली असल्याचं मोजून दाखवावं लागतं. घरी आपण मोजत नाही, म्हणून दोन तासांच्या वर बाहेर राहिलेला भात टाकून द्या.

६. माशावरचं पाणी

इथे जरा थांबते, कारण वासाची तक्रार सगळ्यात जास्त येते आणि लोक त्यासाठी सॉस वाढवतात, जे नेमकं उलटं आहे.

समुद्री माशांच्या शरीरात ट्रायमिथिलअमाइन ऑक्साइड नावाचं वास नसलेलं द्रव्य असतं. मासा मेल्यावर जिवाणू त्याचं ट्रायमिथिलअमाइन करतात, तोच तो वशट वास. हे काम ओल्या पृष्ठभागावर सुरू होतं. म्हणून पाकिटातून काढलेला मासा आधी टिपून घ्यायचा. नुसत्या टिपण्याने भागलं नाही तर मीठ. तुकड्याच्या दोन्ही बाजूंना उंचावरून बारीक मीठ भुरभुरा आणि पंधरा-वीस मिनिटं तिरक्या जाळीवर फ्रिजमध्ये ठेवा. परत बघाल तेव्हा माशावर घामासारखे थेंब उभे राहिलेले असतील, किंचित गढूळ, बोटाला चिकट. तो वास त्या थेंबांत आहे. पटकन थंड पाण्यात किंवा साकेत, म्हणजे तांदळाच्या जपानी दारूत, बुडवून काढा आणि किचन पेपरने दाबून कोरडा करा. पेपर कोरडा निघेपर्यंत. हे केल्यावर मासा घट्ट होतो, कापायला सोपा जातो आणि बाऊलमध्ये पाणी सोडत नाही.

एवढं करूनही वास राहत असेल तर मासा शिळा आहे. लिंबू, आलं, वासाबी यांनी तो झाकू नका.

गोठवलेल्या माशाला जास्त पाणी सुटतंय? वितळवण्याची घाई झाली. ओट्यावर ठेवून किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेला मासा रस गाळतो. ट्यूनाच्या चौकोनी ठोकळ्यासाठी, ज्याला साकू म्हणतात, जपानी घरांत चालणारी रीत चांगली आहे. लिटरभर कोमट पाण्यात, साधारण ४० अंशांच्या, ३० ते ४० ग्रॅम मीठ घाला. ठोकळा त्यात मिनिट-दोन मिनिटं हलवून पृष्ठभाग धुवा, पुसा, किचन पेपरमध्ये गुंडाळा आणि बाकीचं वितळणं फ्रिजमध्ये होऊ द्या. गाभा किंचित कडक असतानाच कापा. हवाबंद पाकिटातला मासा वितळवताना पाकीट आधी फोडा. हवा नसलेल्या पाकिटात बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात आणि वितळताना तापमान वर गेलं तर वास न येताही धोका तयार होतो.

ट्यूना तपकिरी पडला म्हणजे तो खराबच, असं नाही. रंग मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाचा असतो आणि हवा लागून तो बदलतो. याच्या उलट, चेरीसारखा लालभडक रंग ताजेपणाचा पुरावा नाही. कार्बन मोनॉक्साइड वापरून तो रंग टिकवता येतो. जपान आणि युरोपीय संघात यावर बंदी आहे, अमेरिकेत परवानगी आहे.

७. मुरवणं

सोयामध्ये मुरवलेला मासा, म्हणजे झुके. ही जपानच्या एदोकाळातली (१६०३ ते १८६८) मासा टिकवण्याची रीत, आज चवीसाठी करतात. मिए प्रांतातल्या इसे-शिमा भागातल्या मच्छीमारांचं तेकोने-झुशी असंच बनतं: बोनिटोचे (ट्यूनाच्या जवळचा मासा) काप सोयात मुरवून व्हिनेगरच्या भातात मिसळायचे. मिरिन (स्वयंपाकातली गोड जपानी दारू) आणि साके प्रत्येकी एक भाग उकळून अल्कोहोल उडवा, दोन भाग सोया घाला आणि पूर्ण थंड करा. गरम मिश्रण माशाचा पृष्ठभाग शिजवतं. काप असतील तर दहा ते पंधरा मिनिटं पुरतात. तासभर ठेवले तर सोयाचं मीठ माशातलं पाणी बाहेर ओढतं, मासा रबरासारखा होतो आणि मिश्रण पातळ. भातावर मांडण्याआधी काप निथळा.

८. शिजवलेला सॅमन

वरचा पांढरा साका म्हणजे गोठलेलं प्रथिन. खायला निर्धोक. पण तो खूप आला म्हणजे आच जास्त होती. ५ टक्के मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून, पुसून, कातडीची बाजू खाली धरून मध्यम आचेवर भाजा.

९. सुरी

वरचं सगळं करूनही कच्च्या माशाचे काप फाटके, मेणचट आणि ओले दिसत असतील तर सुरी बोथट आहे. बोथट सुरी पेशी चिरडते आणि त्यातला रस बाहेर येतो. धार लावा, टाचेपासून टोकापर्यंत एकाच ओढीत कापा, पुढे-मागे करवतू नका. माशाच्या पांढऱ्या रेषा आडव्या येतील असं धरा. साशिमीची लांब यानागिबा सुरी एकाच बाजूने धार असलेली असते, पण घरी कुठलीही लांब आणि खरोखर धारदार सुरी चालते. हात बसायला वेळ लागतो. तोवर मासेवाल्याकडूनच काप करून घ्या, यात काहीच कमीपणा नाही.

इथे थांबा

कच्च्या माशाची सुरक्षितता घरी दुरुस्त करता येत नाही. इथे तुमचं काम फक्त योग्य माणसाला विचारण्याचं आहे.

मासेवाल्याला तीन गोष्टी विचारा: मासा पाळलेला की समुद्रातून धरलेला, तो परजीवी जंत मारण्यासाठी गोठवला होता का, आणि कच्चा खाण्यासाठी विकत आहात का. ‘सुशी ग्रेड’ या शिक्क्यावर जाऊ नका. अमेरिकेतही त्याला कायद्याची व्याख्या नाही. अनिसाकिस या जंतासाठी अमेरिकेच्या एफडीएचा, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाचा, निकष उणे २० अंशांना ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांना कडक होईपर्यंत गोठवून त्याच तापमानाला १५ तास असा आहे. घरचा फ्रीझर उणे १८ च्या आसपास असतो आणि दार उघडलं की वर चढतो, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका. व्हिनेगर, सोया, वासाबी यातल्या कशानेही अनिसाकिस मरत नाही.

जपानमध्येही सॅमन कच्चा खायची सर्रास पद्धत नव्हती, कारण पॅसिफिकमधल्या सॅमनमध्ये हे जंत असतात. उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचे मूळ रहिवासी आयनू लोक तो रुइबे म्हणून खात, म्हणजे हिवाळ्यात बाहेर गोठवलेला. सुशीवरचा कच्चा सॅमन रुळला तो १९८० च्या दशकात नॉर्वेने आपला पाळलेला सॅमन जपानमध्ये नेल्यानंतर. तयार खाद्यावर वाढवलेल्या माशात धोका फार कमी असतो. गोड्या पाण्यातला मासा मात्र कधीही कच्चा खाऊ नका.

मासेवाल्याकडून स्पष्ट उत्तर मिळालं नाही तर मासा ६३ अंशांपर्यंत शिजवा. भाजलेल्या माशाचा बाऊल हा तडजोडीचा पदार्थ नाही, मला तर तो जास्त आवडतो. गरोदर बायका, म्हातारी माणसं, लहान मुलं आणि प्रतिकारशक्ती कमी असलेली माणसं यांच्यासाठी तो शिजवूनच करा.

आता जिभेची चुणचुण. ट्यूना, बोनिटो, मॅकरेल हे मासे थंडीबाहेर राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही. काही मिनिटांत ते तास-दोन तासांत चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, अंगावर गांधी येणं, छातीत धडधडणं असं दिसतं. डॉक्टरांना फोन करा. श्वास लागत असेल किंवा घसा, ओठ सुजत असतील तर फोनवर वेळ न घालवता आपत्कालीन विभागात जा.

कच्चा मासा खाल्ल्यावर काही तासांत वरच्या पोटात जीवघेणी कळ येऊ लागली, उलट्या झाल्या तर घरगुती औषधं घेऊ नका. अनिसाकिसचा जंत डॉक्टर एंडोस्कोपीने पाहतात आणि तिथल्या तिथे चिमट्याने काढतात. त्यांना कुठला मासा, किती वाजता आणि कच्चा खाल्ला हे आपणहून सांगा, आणि माशाचं पाकीट घरात असेल तर बरोबर न्या.